मोन्झाचा लॅप आणि सातपूरचा अलाइनमेंटवाला

रविवारची मिसळ हाणून मी 'असेटो कोर्सा' हा कार रेसिंगचा गेम लावून बसलो होतो, तेवढ्यात आत्तेभाऊ आला. नाशिकच्या सातपूरला त्याचं व्हील अलाइनमेंटचं काम. गेममधल्या गाडीचा माझा सेटअप, चाकं वरून आत झुकवलेली (म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर) बघून ओरडलाच, "अरे, एवढा निगेटिव्ह कॅम्बर? गिऱ्हाइकाच्या गाडीला असा ठेवला तर टायर आतल्या बाजूने खाल्ले जातील, शिव्या मला!"

म्हटलं, दादा, इथे टायर महिनोन् महिने टिकवायचे नाहीत. वळणावर बॉडी बाहेर झुकते, तेव्हा बाहेरचं चाक रस्त्यावर सपाट बसावं म्हणून हा खटाटोप. त्याला लगेच पटलं. मग खुर्ची ओढून बसला तो उठेचना.

मोन्झा हा इटलीतला रेस ट्रॅक ५.७९३ किलोमीटरचा, सरळ रस्ते लांबलचक, म्हणून मागची विंग (वाऱ्याच्या जोरावर गाडी खाली दाबणारा पंख) कमी केली. टॉप स्पीड वाढला, पण पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) ब्रेक दाबला की मागची बाजू नाचायला लागली. ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकच्या जोराची वाटणी, थोडा पुढे घेतला, गाडी शहाण्यासारखी थांबली. टायरमधली हवा मात्र दादाच्या सल्ल्याने: तापल्यावर प्रेशर चढतंच, तर थंड असतानाच कमी ठेव. मुंबईला निघणाऱ्यांना तो हेच सांगतो, हवा सकाळी निघण्याआधी बघा, कसारा उतरून नाही.

"एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने फरक पडला कळायचं नाही," हे त्याचं पालुपद. लॅपमागे अर्धा सेकंद तरी वाचला. अर्ध्या सेकंदासाठी अख्खी दुपार घालवली म्हणून बायको हसतेय, हसू दे.

नाशिकमध्ये कुणी गेमसाठीचं जुनं स्टिअरिंग व्हील विकतंय का? दादाला हवंय.