टाचणवही आणि कादंबरी

शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. माझ्या वाट्याच्या पानावर वासिली ग्रोसमन या सोव्हिएत युद्धवार्ताहर-कादंबरीकाराविषयी लिहितो. आपल्या हस्तलिखित मासिकाच्या मुलांना आणि पुढे पत्रकारिता शिकायला रानडे इन्स्टिट्यूटची पायरी चढणाऱ्यांना त्याचा जास्त उपयोग होईल.

युक्रेनमधल्या बेर्दिचेवला १९०५ मध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेला हा केमिकल इंजिनिअर. दोनबासच्या कोळसा खाणींत काही काळ नोकरी, मग लेखन. १९४१ मध्ये तो ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’ या लष्करी दैनिकाचा युद्धवार्ताहर झाला आणि हजाराहून अधिक दिवस आघाडीवर राहिला. समोरच्याशी बोलताना तो वही काढत नसे. ऐकलेलं रात्री टिपून ठेवी. वही दिसली की माणूस सावरून, छापील बोलतो. स्तालिनग्रादचा तरुण नेमबाज चेखोव त्याच्याशी मोकळेपणाने बोलला तो असा. सुरुवातीला जर्मन ताठ चालत, पहिल्या दिवसाअखेर पळू लागले, दुसऱ्या दिवसाअखेर सरपटू लागले. लढाई कशी फिरली हे एवढ्यात कळतं, विशेषणाची गरजच नाही.

त्रेब्लिंका या पोलंडमधल्या नाझी मृत्युछावणीचं वार्तांकन मात्र दोन्ही अंगांनी वाचावं. १९४४ मध्ये तो पोचला तेव्हा नाझींनी छावणी पाडून जमीन नांगरून टाकली होती. वाचलेले कैदी आणि आसपासचे शेतकरी यांच्याकडून त्याने तपशील जुळवला: ज्यूंना आणणारी गाडी ६० डब्यांची, पण छावणीच्या फलाटाला २० च डबे लागत, म्हणून ती तीन तुकड्यांत आत नेत. हा लेख पुढे नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात वापरला गेला. चूक झाली ती गुणाकारात. गाड्या महिनोन्‌महिने त्याच गतीने आल्या असं धरल्यामुळे बळींचा आकडा ३० लाखांवर गेला. प्रत्यक्षात १९४२ च्या उत्तरार्धानंतर गाड्या खूप कमी झाल्या. ब्रिटिशांनी पकडलेल्या एका जर्मन तारेत १९४२ अखेरचा आकडा ७,१३,५५५ आहे. पण ती तार उजेडात यायला २००० साल उजाडलं. एकूण बळी आज आठ-नऊ लाखांच्या आसपास मानतात. साक्षी खऱ्या असूनही बेरीज चुकते ती अशी.

त्याची आई बेर्दिचेवमध्येच अडकली आणि सप्टेंबर १९४१ मध्ये नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीत मारली गेली. तिची मुलाखत कोण घेणार? ‘जीवन आणि नियती’ या कादंबरीत भौतिकशास्त्रज्ञ श्त्रुमला आईचं घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून, एक पत्र येतं. माझ्या मते ग्रोसमनने लिहिलेलं सर्वांत थोर प्रकरण हेच, आणि ते वार्ताहराला लिहिता आलं नसतं.

फेब्रुवारी १९६१ मध्ये केजीबी या सोव्हिएत गुप्तचर यंत्रणेने या कादंबरीचं हस्तलिखित उचललं, सोबत कार्बन पेपर आणि टंकयंत्राच्या फितीही. १९६४ मध्ये तो कॅन्सरने गेला. मित्रांकडे दडवलेल्या दोन प्रती तेवढ्या वाचल्या. त्यांपैकी एक मायक्रोफिल्म करून देशाबाहेर नेली. पण काही मजकूर वाचता येईना, म्हणून स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून १९८० मध्ये निघालेल्या आवृत्तीत जागा सुटल्या. त्या नंतर दुसऱ्या प्रतीवरून भरल्या.