१४४ अंश: घरच्या भूकंपमापकाची नोंदवही

१९ जुलै २०२४ च्या सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी आमच्या कोठीच्या खोलीतल्या यंत्राने एक लहर टिपली होती. मला तिचा पत्ता लागला तो वर्ष उलटून गेल्यावर. ती निघाली होती उत्तर चिलीतून. सॅन पेद्रो दे अताकामा या गावाच्या बाजूला, जमिनीखाली शंभर किलोमीटरहून खोल, ७.४ महत्तेचा भूकंप झाला तेव्हा आपल्याकडे सकाळचे ७ वाजून २० मिनिटं होऊन गेली होती. तिथून कराडला यायला लहरीला सुमारे सव्वाएकोणीस मिनिटं लागली. ती कडेकडेने आली नाही. प्रावरण (कवचाखालचा खडकाचा जाड थर) ओलांडून पृथ्वीच्या द्रवरूप गाभ्यात शिरली, पलीकडून बाहेर पडली आणि खालून वर येत आमच्या फरशीला लागली.

आज मुख्यतः तिच्याबद्दल लिहायचं आहे. त्यानंतर चिपळूणच्या दुसऱ्या यंत्राबद्दल.

नव्याने या छंदात आलेल्यांसाठी आधी यंत्र सांगते. माझं आहे ते रास्पबेरी शेक नावाचं घरगुती भूकंपमापक, एकाच उभ्या जिओफोनचं. जिओफोन म्हणजे स्प्रिंगवर तोललेलं वजन, चुंबक आणि तारेचं वेटोळं. जमीन हलली की वेटोळ्यात बारीकशी वीज निर्माण होते आणि यंत्र ती सेकंदाला १०० वेळा मोजून लिहून ठेवतं. जिओफोनची स्वतःची वारंवारिता ४.५ हर्ट्झ. इलेक्ट्रॉनिक्सच्या मदतीने एका हर्ट्झच्या थोडं खालपर्यंतचं त्याला बरं ऐकू येतं, त्याखाली ऐकणं झपाट्याने कमी होतं. जवळचे छोटे धक्के ही त्याची खरी हुकमत. लांबच्या मोठ्या भूकंपांचा पहिला ठोका मिळतो, मागून येणाऱ्या वीस-वीस सेकंदांच्या संथ पृष्ठलहरी जवळजवळ मिळतच नाहीत.

पहिले काही महिने यंत्र पुढच्या खोलीत होतं. ती खोली नंतर वाढवलेली, जोतं काळ्या मातीत. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली की पडद्यावर नुसता काळा पट्टा. एप्रिल २०२४ मध्ये ते मागच्या कोठीत नेलं. तिथे जुन्या घराचं जोतं मुरमाखालच्या कातळावर बसलेलं आहे. रात्रीचा गोंगाट इतका उतरला की आधीच्या सगळ्या नोंदी पुन्हा चाळाव्याशा वाटल्या. जागा निवडताना माझं ऐका: यंत्रावर पैसे घालण्याआधी जोत्याखाली काय आहे ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा.

शेजारी पिठाची गिरणी आहे, तिचा बंदोबस्त मात्र जागा बदलून होत नाही. मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. वर्णपटात (कोणत्या वारंवारितेचं कंपन किती, ते दाखवणाऱ्या आलेखात) २४ हर्ट्झला सुतासारखी सरळ रेघ उमटते. ती कधी सुरू झाली आणि कधी थांबली यावरून गिरणीची वेळ मला घरबसल्या सांगता येते. ही रेघ चाळणीने, म्हणजे नको त्या वारंवारिता गाळणाऱ्या फिल्टरने, सहज काढता येते, कारण लांबच्या लहरींचं काम दोन हर्ट्झच्या खालीच असतं.

आता चिलीकडे वळू. गेल्या वर्षभरात अंतर्गाभ्यावरच्या (द्रव गाभ्याच्या आतल्या घन गोळ्यावरच्या) संशोधनाचं जमेल तेवढं वाचत होते. १९९६ मध्ये शाओडोंग सॉंग आणि पॉल रिचर्ड्स यांनी दाखवलं की अंतर्गाभा बाकीच्या पृथ्वीपेक्षा किंचित वेगळ्या गतीने फिरत असावा. त्यावर पंचवीस-तीस वर्षं वाद चालला. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये वेई वांग, जॉन विडाल आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ सँडविच बेटांजवळ अधूनमधून त्याच जागी तस्साच भूकंप पुन्हा होतो. १९९१ ते २०२३ मधले असे १२१ भूकंप त्यांनी घेतले. भूकंप तोच, नोंदवणारं स्थानक तेच, आणि तरी अंतर्गाभ्यातून आलेल्या लहरीचा आकार बदलला असेल तर मधल्या काळात अंतर्गाभा हलला आहे. त्यांना आढळलं की काही वर्षांनी तो आकार पुन्हा पहिल्यासारखा जुळतो. त्यांच्या निष्कर्षानुसार अंतर्गाभा २००८ पर्यंत पुढे सरकत होता आणि त्यानंतर त्याच वाटेने, दोन-तीन पट कमी वेगाने, मागे येतो आहे. हे वाचून मी रात्री दोन वाजेपर्यंत जागी होते.

साहजिकच साउथ सँडविच बेटं कराडपासून किती अंशांवर आहेत ते मोजलं (लांबच्या भूकंपाचं अंतर पृथ्वीच्या केंद्रापाशी होणाऱ्या कोनात मोजतात). ११० निघाले. निराशा झाली, कारण ते छायाक्षेत्र आहे. साधारण १०४ अंशांपुढे थेट पी-लहर (सगळ्यांत आधी पोचणारी दाबाची लहर) पोचत नाही आणि गाभ्यातून वळून येणाऱ्या मोठ्या लहरी १४० च्या पुढे सापडतात. मधल्या पट्ट्यात यायचं ते फार क्षीण येतं. याच पट्ट्यातल्या क्षीण लहरी हेरून इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये अंतर्गाभा आहे असं मांडलं, तेही न्यूझीलंडच्या १९२९ च्या भूकंपाच्या नोंदींवरून. तेवढे कान माझ्या जिओफोनला नाहीत.

मग मी उलट बाजूने गेले. कराडच्या बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे, पूर्व प्रशांत महासागर येतो, ईस्टर बेटाच्या उत्तरेला. तिथून दक्षिण अमेरिकेचा किनारा फार लांब नाही, आणि तो किनारा भूकंपांचं आगरच आहे. उत्तर चिलीचं अंतर मोजलं: १४४ अंश.

ज्यांना या आकड्याचं महत्त्व माहीत आहे ते आता सावरून बसले असतील. इतरांसाठी सांगते. दुपारच्या उन्हात स्टीलची रिकामी वाटी ठेवा. तळाशी एक वाकडी, लखलखीत रेघ उमटते. वाटीच्या कडेवर वेगवेगळ्या जागी पडलेले किरण परतताना त्या रेघेवर गर्दी करतात. गाभ्याचंही असंच काहीसं आहे. प्रावरणाच्या तळाशी पी-लहरींचा वेग सेकंदाला साडेतेरा किलोमीटरच्या वर असतो, द्रव गाभ्यात शिरताच तो आठवर येतो. त्यामुळे लहरी आत वळतात, गाभा भिंगासारखं काम करतो, आणि पलीकडच्या बाजूला १४४ अंशांच्या आसपास त्यांची गर्दी होते. तिथे गाभ्यातून आलेली पीकेपी लहर अपेक्षेपेक्षा पुष्कळ मोठी दिसते. म्हणजे कराड त्या चकाकत्या रेघेवर बसलं आहे.

(गाभा आहे याचा पहिला पक्का पुरावा १९०६ मध्ये रिचर्ड ओल्डहॅम यांनी मांडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरी केलेला माणूस. १८९७ च्या आसाम भूकंपाचा त्यांचा अभ्यास या सगळ्याच्या मुळाशी आहे. मला याचा फार आनंद वाटतो.)

जुनी नोंद मी दर महिन्याला हार्डडिस्कवर उतरवून ठेवते. १९ जुलैची फाइल काढली, ०.७ ते २ हर्ट्झची चाळणी लावली आणि ऑब्सपाय या भूकंपनोंदींसाठीच्या सॉफ्टवेअरमधून पोचण्याची वेळ काढून तिथे उभी रेघ मारली. रेघेला लागूनच ती होती. आधी शांत, मग एकदम तीन-चार मोठे हेलकावे, मग हळूहळू विरत जाणारी शेपटी. विश्वास बसावा म्हणून त्याच आठवड्यातल्या बाकीच्या सहा दिवसांचं ७.३५ ते ७.४५ हे दहा मिनिटांचं तुकडं त्याच चाळणीतून काढलं. शाळेच्या बसची वेळ, दूधवाल्याची वेळ, सगळं त्यात आलं. तसा आकार एकदाही नाही.

जे दिसलं त्याहून जास्त मी म्हणणार नाही. १४४ अंशांवर अंतर्गाभ्यातून सरळ आलेली लहर आणि बाह्यगाभ्यातून (भोवतालच्या द्रव गाभ्यातून) वळून आलेली लहर जवळपास एकाच वेळी पोचतात. माझ्या नोंदीत त्या वेगळ्या काढता येत नाहीत, आणि मोठा ठोका हा मुख्यतः बाह्यगाभ्याचाच आहे. वेगळ्या बघायच्या तर दीडशे अंशांकडे सरकावं लागतं, तिथे त्यांच्यात काही सेकंदांची फट पडते. दक्षिण पेरू बरोबर तिथे येतो. चिलीच्या तीन आठवडे आधी, २८ जून २०२४ ला, पेरूच्या अरेकिपा किनाऱ्यावर ७.२ चा भूकंप झाला होता. कराडपासून १५० अंश. मी अधाशासारखी ती फाइल उघडली. पण आपल्याकडे सकाळचे सव्वाअकरा-साडेअकरा, गल्लीत बांधकाम चालू, खडी उतरवणारा डंपर उभा. अपेक्षित वेळेला काहीतरी आहे असं डोळ्यांना वाटतं. त्याच्या आधी दोन मिनिटं आणि नंतर चार मिनिटांनीही अगदी तसंच काहीतरी आहे. म्हणून वहीत तिथे प्रश्नचिन्ह आहे आणि ते तसंच राहील. पेरूचा एखादा खोल भूकंप, ज्याने तिथे कुणाला इजा होणार नाही, आमच्या मध्यरात्री व्हावा एवढीच इच्छा आहे.

दरम्यानचे मोठे भूकंप लवकर उरकते. म्यानमारचा २८ मार्च २०२५ चा ७.७ चा धक्का २१ अंशांवरून पावणेपाच मिनिटांत पोचला, पी आणि तिच्या मागून संथ येणारी एस, दोन्ही लहरी स्वच्छ. तिकडच्या हानीच्या बातम्या येत असताना पडद्याकडे बघवत नव्हतं. कामचाट्काचा ८.८ चा ३० जुलै २०२५ ला पहाटे पाचनंतर आला, मिनिटांमागून मिनिटं हलत राहिला, आणि पावसाळ्याच्या शांत पहाटेत फार सुंदर उमटला.

पावसाळ्याबद्दल एक गोष्ट. जूनपासून आमच्या नोंदीचा तळ उचलला जातो. अरबी समुद्रातल्या लाटा किनाऱ्यावर आणि एकमेकींवर आदळतात आणि सगळी जमीन काही सेकंदांच्या लयीत सूक्ष्म हलत राहते. माझं यंत्र याचा वरचा काठच पकडतं. पण चांगल्या स्थानकांच्या जुन्या नोंदी घेऊन रिचर्ड ॲस्टर आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवलं की १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर या कंपनाची ऊर्जा वर्षाला सरासरी ०.२७ टक्क्याने वाढते आहे, २००० नंतर ०.३५ टक्क्याने. तापलेल्या हवामानातली जोरकस वादळं आणि लाटा, आणि त्यांची नोंद भूकंपमापकात. ज्याला आपण गोंगाट म्हणून चाळणीत टाकतो तो कुणाच्या तरी कामाचा मजकूर असतो. तेव्हापासून कच्ची फाइल मी कधीही पुसत नाही.

आता घराजवळचं. आमचे अण्णा कोयना प्रकल्पावर होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ चा धक्का बसला तेव्हा ते कोयनानगरला होते. सुमारे १८० माणसं गेली. अण्णा त्याबद्दल कमी बोलतात. आधी आवाज आला, एवढं सांगतात. रोज सकाळी चहा घेऊन ते पडद्यापाशी येतात, रात्रीच्या रेघा बघतात आणि छोटा धक्का दिसला की विचारतात, “कोयना की वारणा?”

आणि मला सांगता येत नव्हतं. १९८५ नंतर वारणेत पाणी साठू लागलं तसे दक्षिणेकडेही धक्के वाढले, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पी आणि एसमधले सेकंद मोजून आठाने गुणले की अंतराचा अंदाज येतो. कराडला बहुतेक वेळा सहाच्या आसपास सेकंद येतात, म्हणजे ४७-४८ किलोमीटर. नकाशावर कंपास फिरवला तर तो वर्तुळाचा तुकडा कोयनानगरवरूनही जातो आणि वारणेच्या पट्ट्यातूनही. दोन्ही आमच्यापासून सारख्याच अंतरावर! आमच्याच हजारमाचीला भूविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल प्रयोगशाळा आहे. त्यांनी गोठण्याला तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं. तिथे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, त्याखाली मधे गाळाचा थरही नसलेला थेट ग्रॅनाइटी पट्टिताश्म (नाइस), आणि धक्के मुख्यतः त्याच जुन्या खडकात होतात. धरणाच्या पाण्याचा भार आणि फटींत झिरपणारा दाब तिथल्या ताणलेल्या भेगांना कसा सोडवतो, यावर ते काम करतात. इतक्या बारकाईच्या कामाच्या शेजारी बसून मला साधी दिशा सांगता येऊ नये, याची रुखरुख होती.

म्हणून मामेभावाच्या चिपळूणच्या घरी, जांभ्याच्या जोत्यावर, दुसरं यंत्र बसवलं. चिपळूणहून कोयनानगर २८ किलोमीटर, वारणेचा पट्टा ४८-४९. साडेतीन सेकंद आले तर कोयना, सहा आले तर वारणा. त्याच्याकडचं इंटरनेट पावसात जातं आणि घड्याळ सरकतं, पण पी आणि एसमधली फट मोजायला घड्याळ बरोबर असायची गरज नाही, त्यामुळे अडलं नाही. दोन्ही यंत्रांवर उमटलेला पहिला धक्का मध्यरात्रीनंतरचा, छोटासा. कराड ५.९ सेकंद, चिपळूण ६.१. सकाळी अण्णांनी विचारलं तेव्हा मी “वारणा” म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि कप ठेवून दोन्ही नोंदी स्वतः पट्टीने मोजून पाहिल्या.

तरी एक भोक उरतं. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. वारणेच्या धक्क्याचा दुसरा छेद चक्क साताऱ्याजवळ पडतो. धक्के कुठे होतात ते ठाऊक असल्यामुळे आपण तो सोडून देतो, पण ते आधीच ठरवून मोजल्यासारखं झालं. देवरुखच्या बाजूला तिसरं यंत्र असलं तर हा प्रश्न मिटेल: वारणेचा पट्टा तिथून १७-१८ किलोमीटर, कोयनानगर ४० च्या आसपास. तिकडे कुणाचं घर कातळावर असेल, वीज बऱ्यापैकी असेल आणि शेजारी गिरणी नसेल, तर जरूर कळवा. यंत्र घेऊन मी स्वतः येते.