शाळा सुटल्यानंतरचे मैदान

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिताना वर्गांपेक्षा शाळा सुटल्यानंतरच्या मैदानाविषयी लिहावे असे वाटले, कारण तेथे आमच्यावर कोणाचीही देखरेख नसे आणि खेळ चालू ठेवण्याची सारी जबाबदारी आमच्यावरच असे.

सूरपारंब्यांचेच पाहा. मैदानाकडेच्या वडाखाली रिंगण आखले जाई, एक भिडू पायाखालून सूर, म्हणजे खेळातली काठी, दूर भिरकावी आणि राज्य असलेला तो आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीचे फांद्यांवर पोहोचलेले असत. तो वर चढू लागला, की पारंबी धरून सरसर खाली उतरायचे आणि शिवले जाण्याआधी सूर गाठायचा. कोणती पारंबी आपले वजन पेलेल, हे हिसका देऊन पाहिल्यावर हातालाच कळे. कोणाचे धाकटे भावंड सोबत आले, तर ते लिंबूटिंबू म्हणून खेळात येई. बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नसे. हा नियम कोणत्याही सरांनी घालून दिलेला नव्हता. भांडणेही होत, पण रुसलेला भिडू घरी गेला तर खेळच मोडे, म्हणून ती मिटवणे सर्वांनाच भाग असे.

आजची मुले खेळतच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. क्रिकेट, स्केटिंग यांच्या प्रशिक्षणवर्गांत ती मनापासून घाम गाळतात. मात्र तेथे वयोगट, वेळ आणि शुल्क आधीच ठरलेले असते, वाद प्रशिक्षक मिटवतात आणि लिंबूटिंबूला जागा नसते. गल्लीत वाहने उभी, संध्याकाळी शिकवणी; पालकांची काळजीही खरी आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते दमदार हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण खेळ हा केवळ व्यायाम नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ वे कलम खेळाला मुलांचा हक्कच मानते आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला आहे.

म्हणून संस्थेला माझी विनंती आहे, की शाळा सुटल्यावर तासभर मैदानाचे फाटक उघडे ठेवावे. कोणाला लागले-खुपले तर धावून जाण्यापुरते एक मोठे माणूस कट्ट्यावर असावे. खेळ मात्र मुलांनीच निवडावा. त्या कट्ट्यावर पाळीपाळीने बसण्याचे काम आम्ही माजी विद्यार्थी आनंदाने करू आणि शनिवारची पाळी मी आजच मागून ठेवतो.