बऱ्या पुस्तकांचं काय करायचं?

वाईट पुस्तकाचं परीक्षण एका बैठकीत लिहून होतं. राग आलेला असतो, त्यामुळे शब्द शोधत बसावं लागत नाही. मनापासून आवडलेल्या पुस्तकाचंही तसंच. तुंबतात ती 'बरी' पुस्तकं. आमच्या नौपाड्यातल्या घरी खिडकीशी जो ढीग चढलाय तो सगळा त्यांचाच. सचोटीने लिहिलेली चारशे पानांची कादंबरी, निवृत्त इंजिनियरचं आत्मचरित्र, आणि कवितासंग्रहांचं तर विचारूच नका. सगळी वाचून झालीत, लिहून एकही नाही.

मासिकांनी यावर झकास तोडगा काढला होता. परीक्षणासाठी प्रकाशकाने दोन प्रती पाठवायच्या आणि संपादकाने 'साभार पोच' या मथळ्याखाली पुस्तकाचं नाव, पानं, किंमत छापून मोकळं व्हायचं. कोणी दुखावत नाही, कोणी सुखावत नाही. मला ती सोय नाही, कारण माझे लेखक ठाण्यातच राहतात. परवा भाजी घेताना एक कवी भेटले. त्यांच्या संग्रहाच्या पहिल्या पानावर 'अभिप्रायाच्या प्रतीक्षेत' असं लिहिलेलं आहे, खाली लफ्फेदार सही आणि तारीख. ती तारीख गेल्या वर्षीची. गृहस्थ सभ्य, थेट विचारणार नाहीत. हातातली कोथिंबीर झटकत म्हणाले, "मग, सध्या काय वाचताय?" मी मेथीचा भाव विचारला.

या शहराला पुस्तकांचा नादच जुना. इथलं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 सालचं. त्याच्या संस्थापकांपैकी वि. ल. भावे यांनी पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून जुन्या मराठी कवींची अख्खी परंपरा नोंदवली. त्यातल्या प्रत्येक कवीने त्यांना भारावून टाकलं असेल, असं मला वाटत नाही. तरी माणूस लिहीत गेला. (आणि त्यांचे कवी भाजीबाजारात भेटायची शक्यता नव्हती, हेही खरं.)

शेवटी एका रविवारी बसलो. दोन परीक्षणं भराभर उतरली. 'ओघवती भाषा', 'वाचनीय', 'संग्रही असावे असे'. वाचून बघितलं, तर कादंबरीचं परीक्षण कवितासंग्रहाला लावलं असतं तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. दोन्ही फाडली. मग पुस्तक न उघडता, त्यातलं डोक्यात काय उरलंय एवढंच लिहायचं ठरवलं.

इंजिनियरसाहेबांच्या पुस्तकातल्या बढत्या, बदल्या, चारधाम यात्रा, सगळं पुसलं गेलं होतं. उरला होता अर्धा परिच्छेद. वागळे इस्टेटमधला त्यांचा पहिला कारखाना. जेवणाचा भोंगा झाला की सगळे नळाशी रांग लावायचे. ग्रीसने माखलेले हात आधी घासलेटने पुसायचे, मग लाकडाच्या भुशाने खसाखसा चोळायचे, शेवटी साबण. तरीही वास जायचा नाही. चपातीचा पहिला घास घासलेटचाच लागायचा. रात्री घरी लहान मुलीला घास भरवायला गेले की ती तोंड फिरवायची. बस, एवढंच. आता त्या भागात काचेच्या इमारती आहेत, आणि तिथल्या दुपारच्या जेवणाला कसला वास होता, हे मी तरी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. थोर साहित्यिक त्या नळाच्या रांगेत उभे नव्हते, हे होते. शैली यथातथाच, मुद्रितशोधन नावालाच, हेही लिहिलं. पण परीक्षणाचा निम्मा मजकूर त्या नळालाच दिला.

परीक्षण छापून आलं त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी जरा धास्तावलोच.

"अहो, छान लिहिलंत," ते म्हणाले. "पण माझ्या सत्काराचं प्रकरण राहिलं की!"

"जागा कमी होती हो."

"असू दे, असू दे." थोडं थांबून म्हणाले, "ते घासलेटचं मात्र कमालच केलीत. आमची ही पुस्तक छापायच्या आधी म्हणत होती, तेवढं काढून टाका म्हणून."