देवीच्या माशांची मोजणी

काळ नदीतल्या माशांच्या पाहणीत महाडजवळची वाळणकोंड येणारच होती. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं, खाली कातळातला खोल डोह. त्यातले मासे देवीचे, म्हणून कुणी धरत नाही.

जाळं गाडीतच ठेवून आम्ही आधी काठावरच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "बघा, मोजा, फोटो काढा. पाण्यात जाळं नाही."

"जनुकीय तपासणीसाठी नुसता एक खवला घेतला तर?" माझ्या तरुण सहकाऱ्याने विचारलं.

"खवलाही तिचाच, सर."

मग कातळावर बसूनच काम केलं. मूठभर कुरमुरे टाकले. आधी बोटाएवढी पिल्लं आली, मग तळातून काळसर पाठी वर यायला लागल्या. मोठाले खवले, जाड ओठ, हातभर लांबीचे मासे. महसीर! मी हा मासा वर्षानुवर्षं अभ्यासतो, पण असा निर्धास्त वावरताना क्वचितच पाहिलाय. दख्खनच्या महसीरची शास्त्रीय नोंद साइक्स या ब्रिटिश निसर्ग-अभ्यासकाने 1839 मध्ये पुणे परिसरातल्या मुळा-मुठेवरून केली. आज त्या पाण्याची अवस्था बघवत नाही.

उन्हाळ्यात कोकणातल्या नद्या आटून डोहांपुरत्या उरतात. अंडी देणाऱ्या मोठ्या माद्या तग धरतात त्या अशाच खोल पाण्यात. पावसाळ्यात पूर आला की महसीर प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्यांच्या, खळाळत्या पाण्यात अंडी घालतो. म्हणजे गावाने देवीच्या नावाने राखलंय ते नदीचं बियाणं. कुठल्याही फलकापेक्षा हा धाक मला जास्त भरवशाचा वाटतो. (भाविकांनी कुरमुऱ्यांच्या पिशव्या मात्र परत न्याव्यात, प्लास्टिक पाण्यात जातं.)

माझी काळजी कोंडीबाहेरची आहे. नद्यांमध्ये ब्लीचिंग पावडर टाकून, सुरुंग लावून मासे मारणारे आहेत, आणि देवीची हद्द कुठे संपते हे माशाला कळत नाही. काकांना हे बोललो. ते म्हणाले, "पावसात ते वर जातात, तेव्हा आमचं लक्ष पोचत नाही." चढणीच्या दिवसांत वरच्या वाड्यांनीही हाच नेम पाळावा, यासाठी गावकीत विषय काढायचं त्यांनी कबूल केलं.

अहवालात जनुकीय नमुन्याचा रकाना मी रिकामा सोडला आणि कारण लिहिलं. कार्यालयात विचारणा झाली. मी सांगितलं, आज आमच्यासाठी जाळं पडलं असतं, तर उद्या दुसऱ्याला नाही म्हणणं गावाला अवघड गेलं असतं. फोटोंवरून केलेली ओळख तेवढी नोंदवली.