सोलमध्ये माझी 'बैशाली' झाली

निघताना बहिणीने व्हॉट्सॲपवर यादी पाठवली होती. शीट मास्क वीस, भाजलेल्या शेवाळाची पाकिटं, भाच्यांसाठी 'काहीतरी कोरियन'. एकटीने फिरायला निघालेल्या बाईला आपलं असं काही आणायचं असेल, हे घरात कुणाच्या मनातही आलं नसावं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. सोलमधल्या बुकचोन या जुन्या वस्तीत, एका जुन्या लाकडी घरात, म्हणजे हानोकमध्ये, मी पाच रात्री राहिले. खाट नाही, जमिनीवरच गादी, आणि खालची जमीन गरम. पूर्वी चुलीचा धूर आणि ऊब फरशीखालच्या पोकळीतून फिरवत असत, आता गरम पाण्याचे पाइप असतात. या पद्धतीला ओन्दोल म्हणतात. पहिल्या रात्री पाठ अशी शेकून निघाली की दुसऱ्या दिवशी उठायलाच नऊ वाजले. बुकचोनच्या ठरावीक गल्ल्यांत पर्यटकांना सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढ्याच वेळात फिरता येतं, कारण तिथे माणसं अजून राहतात. मुक्कामाला असलेल्यांना तेवढी सूट आहे. रस्त्यात जिंकोची पिवळीधमक पानं पडलेली असतात, फोटो खुशाल काढा, पण खालच्या फळांवर पाय देऊ नका. माझा बूट दिवसभर घाण मारत होता.

मास्क आणि शेवाळ म्योंगदोंगच्या बाजारपेठेत अर्ध्या तासात आटोपलं. तिथे सांगण्यासारखं काही नाही. पासपोर्ट जवळ ठेवा, बऱ्याच दुकानांत कर जागेवरच वजा होतो.

खरा वेळ गेला तो इन्सादोंगमध्ये. पहिल्या दिवशी मी भुलले. शिंपल्याचे चमकते तुकडे जडवलेली डबी घेतली, खोलीवर येऊन उलटी केली तर तळाला भलत्याच देशाचं नाव! तेव्हापासून वस्तू आवडली की आधी पालथी करायची, हा नियम केला. मुख्य रस्त्यावरची पंखे-कीचेनची दुकानं सोडून आतल्या बोळांत शिरलं की हाताने बनवलेला हांजी कागद, ब्रश, चहाची भांडी दिसायला लागतात. हांजी तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून करतात. दिसायला तलम, पण फाडायला जा, सहज फाटत नाही.

अशाच एका बोळात शिक्के कोरणारे आजोबा बसले होते. कोरियात सही रुळली असली तरी दगडी-लाकडी शिक्क्याला अजून मान आहे. सरकारदरबारी नोंदवलेला शिक्का घराच्या व्यवहारात लागतो. आपणही 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो, पण शिक्का मात्र हापिसातल्या साहेबाच्या टेबलावर राहिला. मी कागदावर इंग्रजीत नाव लिहून दिलं. आजोबांनी ते हंगुलमध्ये लिहून वाचलं, "बैशाली." मी म्हटलं, "वै." ते म्हणाले, "बै." त्यांच्या लिपीत 'व'साठी अक्षरच नाही. राजा सेजोंगने 1446 मध्ये लोकांसाठी जाहीर केलेली ही लिपी इतकी सोपी आहे की मेट्रोच्या पाट्या मी तिसऱ्या दिवशी अडखळत वाचत होते, पण माझ्या नावापुढे तीही अडली. कोलकात्याला गेले असते तरी हेच झालं असतं, अशी मनाची समजूत घातली आणि वीसेक मिनिटं दगडाची भुकटी उडताना बघत बसले. शिक्का देताना त्यांनी डावा हात उजव्या हाताला खालून लावला. तीर्थ घेताना आपण धरतो ना, तसा. माझेही हात आपोआप तसेच पुढे झाले.

दुपारी ग्वांगजांग बाजार. 1905 पासूनचा. बाई जात्यावर भिजवलेले मूग वाटतात आणि तव्यावर भरपूर तेलात जाड धिरडी तळतात. नाव बिन्देत्तॉक. शाकाहारी असाल तर आधी विचारा, कधी कधी त्यात मांस असतं. वरच्या मजल्यावर कापडाची दुकानं आहेत. तिथे मला जोगाकबो भेटलं: उरलेल्या चिंध्या जोडून केलेलं गाठोडं बांधायचं कापड. आजीची गोधडीच, फक्त अस्तर नाही. शिवण दोन्ही बाजूंनी इतकी स्वच्छ की सुलटं कुठलं ते कळेना. उजेडात धरलं की प्रत्येक तुकडा वेगळा पेटतो. "क्काक्का जुसेयो" हे एक वाक्य मी पाठ केलं होतं, म्हणजे 'भाव जरा छाटा'. बाई खळखळून हसल्या, माझा उच्चार दुरुस्त केला आणि एक वॉनही कमी केला नाही. पंचेचाळीस हजार वॉन, आपले पावणेतीन हजार. बाहेर येऊन च्योंगग्येच्योनच्या काठावर बसले. वरचा उड्डाणपूल पाडून 2005 मध्ये हा ओढा पुन्हा खुला केला. तिथेच पिशवीतून कापड काढून तीनदा बघितलं.

घरी आल्यावर मास्कची वाटणी झाली. भाच्यांनी 'बैशालीमावशी' अशी हाक सुरू केली, ती अजून चालू आहे. जोगाकबो कुठल्या खिडकीला लावायचं याचा विचार मी आठवडाभर करत होते. तेवढ्यात एका सकाळी आईने ते मिक्सरवर घातलं. "मापाचं आहे गं अगदी," म्हणाली.