मुक्ताच्या बिलुंडवारीआधी

गुरुवार, रात्री उशिरा

मुक्ताचं नाव लागलं. डेन्मार्कमधल्या बिलुंडला लेगो, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांची खेळणी बनवणारी कंपनी, आपल्या चाहत्यांना आतून सगळं दाखवते, त्या दौऱ्याला मागणी इतकी की नावं सोडतीने काढतात. भाचीबाई संध्याकाळपासून हवेत आहेत. "मामा, तू जाऊन आलायस ना? मग मला मुद्दे दे. पटकन." मुद्दे! फोनवर मी "बघू, लिहून पाठवतो" म्हणालो आणि आता वही उघडून बसलोय. तिला पाठवायच्या आधी माझं मलाच नीट लावून घेतो, कारण तिला जे हवंय ते आणि तिला सांगण्यासारखं जे आहे ते एक नाही.

तिला हवी आहेत गुपितं. पुढच्या वर्षी कुठले संच येणार, कुठला जुना किल्ला परत काढणार. ते काही दिसणार नाही. नवीन कामाच्या आसपासही पाहुण्यांना फिरकू देत नाहीत, आणि ज्याला विचारशील तो हसून विषय बदलेल. आमच्यात एक गृहस्थ होते, भेटेल त्याला पकडून तेच विचारायचे. दुपारपर्यंत कर्मचारी त्यांना लांबूनच ओळखायला लागले होते. त्या माणसाने एका शब्दाची बातमी मिळवली नाही, आणि समोर जे उघडं ठेवलेलं होतं तेही पाहिलं नाही.

स्वतःची मॉडेल्स दाखवायचीयत तिला. दाखव की. फोटो काढून ने, डिझायनर मंडळी मनापासून बघतात. पण "याचा संच काढा" हे मात्र म्हणू नकोस. बाहेरची कल्पना अशी कानावर घेणं कुठल्याही खेळण्यांच्या कंपनीला कायद्याने अवघड असतं. उद्या तसलंच काही बाजारात आलं तर वाद कोण निस्तरणार? त्यासाठी लेगोने वेगळा रस्ता ठेवलाय, लेगो आयडियाज. तिथे तुझ्या कल्पनेला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी ती विचारात घेते. तिचा संच काढतेच असं नाही, विचार करते.

आता कारखाना. इथे मी लांबण लावणार, कारण लोक इथेच घाई करतात. साचेकामाच्या दालनात शिरल्यावर पहिली पाच मिनिटं सगळे "अरे वा" करतात, मग कंटाळतात, कारण एका मशीनसारखं पुढचं मशीन आणि त्याच्यासारखं त्याच्या पुढचं. माणसं फारशी नाहीतच. खाली पेटी, पेटी भरली की चाकांवरचा रोबो येतो, भरलेली नेतो, रिकामी ठेवतो, जातो. तू काय कर, एकच मशीन निवड आणि त्याच्यासमोर उभी राहा. सायलोतून, म्हणजे साठवणीच्या उंच टाकीतून, प्लास्टिकचे दाणे नळ्यांतून खेचले जातात, त्यांचा खडखडाट ऐकू येतो. मशीनमध्ये ते साधारण २३० अंशांच्या पुढे तापून पातळ होतात, पोलादी साच्यात प्रचंड दाबाने घुसतात, थंड होतात, साचा उघडतो, तुकडे खाली पडतात. जेमतेम दहाएक सेकंदांचा खेळ. मग पुन्हा साचा मिटतो. तीन-चार वेळा हे पाहिलंस की डोळा बसतो, आणि मग मजा कळते ती साचा उघडण्याच्या क्षणाची. तुकडा सुटताना पुरेसा थंड झालेला नसेल तर तो आकसतो. आकसला तर दुसऱ्यात बसणार नाही, किंवा बसेल आणि निघणार नाही. म्हणून साच्याची अचूकता मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात.

जायच्या आधी घरी एक करायला सांगणार आहे तिला. दोन बाय चारची, म्हणजे वर चार-चार गोल बटणांच्या दोन ओळी असलेली, एक वीट घ्यायची, दिव्याखाली धरायची आणि फक्त बघायची. आतल्या बाजूला बारीक आकडे दिसतात. ते तुकड्याचे आणि साच्याचे. बऱ्याच तुकड्यांवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपकाही सापडतो, प्लास्टिक साच्यात शिरलं ती जागा. हे आधी पाहिलेलं असलं की मशीनसमोर उभं राहिल्यावर प्रश्न आपोआप सुचतात. नाहीतर गाइड विचारतो "काही प्रश्न?" आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आकडेही थोडे डोक्यात असू देत. वीट ९.६ मिमी उंच, चपटी पट्टी ३.२, म्हणजे तीन पट्ट्यांची एक वीट. दोन बटणांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ८. म्हणजे पाच पट्ट्यांची उंची बरोबर दोन बटणांइतकी, १६ मिमी. आडवं बांधकाम उभं फिरवता येतं ते या हिशेबामुळे. मुक्ताला हे हाताने येतंच, कागदावर कधी मांडलं नसेल एवढंच.

फोटोंचं सांगायलाच नको. अशा दौऱ्यात यंत्रांच्या भागात फोन खिशात ठेवायला सांगतात, कुठे कुठे दारातच ठेवून घेतात. हुज्जत घालायची नाही. उलट मला वाटतं ते बरंच आहे, हात रिकामे राहतात. गाइडच्या जवळ चालायचं मात्र, आवाजात मागच्यांना काही ऐकू येत नाही.

शुक्रवार

काल झोप आली म्हणून थांबलो. डिझायनर राहिले.

त्यांच्याबरोबर बसायला मिळतं आणि तिथे सगळेच चाहते एक चूक हमखास करतात: आपल्याला किती माहीत आहे ते सांगत बसतात. २००४ साली लेगोने आपल्या राखाडी रंगाची छटा बदलली, थोडी निळसर केली. जुने विरुद्ध नवे तुकडे शेजारी लावले की भिंत ठिगळ लावल्यासारखी दिसते, हे खरं. पण त्यावर भाषण ठोकायची ही जागा नव्हे. समोरचा तरुण तेव्हा शाळेत होता.

त्यापेक्षा विचार, "या संचातून तुला काय काढून टाकावं लागलं?" हा माझा आवडता प्रश्न. कारण डिझायनरला हवे तेवढे नवे तुकडे मिळत नाहीत. २००३-०४ च्या सुमाराला कंपनी खड्ड्यात गेली होती, तेव्हा यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प प्रमुख झाले आणि वेगवेगळ्या तुकड्यांचे प्रकार जवळपास निम्म्यावर आणले. प्रत्येक नवा तुकडा म्हणजे नवा साचा, नवा साचा म्हणजे मोठा खर्च आणि गोदामात आणखी एक पेटी. तेव्हापासून नवा आकार किंवा जुन्याच आकाराचा नवा रंग मागायचा तर कारण द्यावं लागतं. एका डिझायनरने मला एक छोटी गाडी दाखवली. तिच्या बोनेटचा उतार त्याला वेगळा हवा होता. नवा तुकडा मंजूर झाला नाही, म्हणून त्याने दुसऱ्याच कुठल्या तरी संचातला एक तुकडा उलटा लावून तोच उतार काढला. हे सांगताना त्याचा चेहरा बघायला हवा होता. मंजूर झाला असता तर इतका खूश झाला नसता, असं मला तेव्हाही वाटलं.

दुसरा प्रश्न: कुठल्या जोडण्या त्यांच्याकडे चालत नाहीत? दोन तुकडे एकमेकांत बसतात म्हणून ते तसे बसवायची मुभा असतेच असं नाही. तुकड्याला ताण येत असेल, तो वाकत असेल, तर तसली जोडणी संचात येऊ देत नाहीत. घरी आपण बिनदिक्कत करतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी तिथे बाद आहेत. मुक्ता यावर तासभर बोलेल, मला माहितीय. बोलू दे.

इतिहासाच्या भागात तिला फार सांगायला नको, पण एक-दोन खुणा देऊन ठेवतो. ओले कर्क क्रिस्टियानसेन हे सुतार, १९३२ साली लाकडी खेळणी करायला लागले. त्यांचं लाकडी बदक सगळेच बघतात. मी म्हणेन १९४९ ची प्लास्टिकची वीट शोध. ती पोटातून पोकळ आहे, बाजूला चिरा आहेत, आणि आत नळ्या नाहीत. मग १९५८ ची बघ. नळ्या आल्या! २८ जानेवारी १९५८ ला पेटंटचा अर्ज गेला तो त्या नळ्यांसाठी. वरच्या विटेच्या नळ्या खालच्या विटेची बटणं धरून ठेवतात, म्हणून घर हलवलं तरी मोडत नाही. तेव्हाची वीट आजच्या विटेला बसते हे वाक्य तुला दौऱ्यात पुन्हा पुन्हा ऐकू येईल. त्याचं वजन त्या दोन विटा शेजारी बघितल्याशिवाय कळत नाही. एबीएस, म्हणजे आजच्या विटांचं टणक प्लास्टिक, आलं ते नंतर, १९६३ ला. त्याआधीच्या प्लास्टिकचे तुकडे वाकायचे, रंगही टिकायचा नाही.

जुन्या संचांची तिजोरी हा सगळ्यांचा हळवा कोपरा. भलीभली माणसं तिथे गप्प होतात. मुक्ताला एवढंच सांगायचं की लहानपणच्या संचाचा क्रमांक आणि साल आधी लिहून ने. तिजोरीसमोर उभं राहून "तो निळा होता, त्यात एक घोडा होता" असं म्हणत राहणारे मी पाहिलेत, आणि तोवर गटाची वेळ संपते.

गणिताची आवड आहे म्हणून तिच्यासाठी आणखी एक. एकाच रंगाच्या, दोन बाय चारच्या सहा विटा किती प्रकारे जोडता येतात? कंपनी वर्षानुवर्षं १०,२९,८१,५०० असं सांगायची. पण तो हिशेब फक्त एकावर एक अशा सहा मजली मनोऱ्यांचा होता. कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सॉरेन आयलर्स यांनी सगळे प्रकार धरून मोजलं तेव्हा आकडा ९१,५१,०३,७६५ निघाला. लेगो हाउसमध्ये, म्हणजे २०१७ साली उघडलेल्या त्या पांढऱ्या ठोकळ्यांच्या इमारतीत, सहा लाल विटांची पुडी आणि त्यातल्या एका जोडणीचं कार्ड प्रत्येकाला मिळतं, दुसऱ्या कुणाला मिळत नाही असं. ते कार्ड जपून ठेव. पुडीतल्या विटा मात्र लोक इतर विटांत मिसळून टाकतात आणि मग हळहळतात.

आता माणसांबद्दल. लेगोत काम करणाऱ्यांची व्हिजिटिंग कार्डं कागदाची नसतात, छोटा प्लास्टिकचा माणूस असतो आणि त्याच्या अंगावर नाव छापलेलं. चाहत्यांना ती गोळा करायचं भलतंच वेड. मिळालं तर आनंदाने घे, पण हात पसरत फिरू नकोस. कितीतरी जण बोलणं सुरू होण्याआधीच "कार्ड?" म्हणतात, आणि समोरच्याचं तोंड पडतं. आपल्याकडचं काहीतरी द्यायला असलं तर उत्तम. स्वतः बांधलेलं, मुठीत मावेल एवढं पुरे. गटातल्या बाकीच्यांसाठीही चार-पाच जास्तीची ने. तिथे भेटलेल्या दोघांशी माझा अजून पत्रव्यवहार आहे आणि खरं सांगायचं तर दौऱ्यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. कारखान्याचं मी वाचून मिळवू शकलो असतो.

लाजाळू आहे ती. इंग्रजी अडखळेल म्हणून गप्प बसेल, अशी भीती आहे मला. तिथे निम्म्यांची इंग्रजी अडखळतच असते, आणि डॅनिश लोक पहिल्या नावानेच हाक मारतात, साहेब-बिहेब काही नाही. प्रश्न मात्र लिहून न्यावेत. तीन पुरेत.

दौऱ्यातल्यांसाठीच खास बनवलेला संच मिळतो, बाहेर विकायला नसतो. तो उघडायचा की सीलबंद ठेवायचा यावरून घरोघरी भांडणं होतात. सीलबंद विकला तर चांगले पैसे येतात, हे कुणीतरी तिच्या कानात सांगणारच. मी म्हणेन तिथेच, त्याच रात्री, सगळ्यांबरोबर उघड. ज्याने तो आखला तो माणूस त्या आठवड्यात समोर असेल तर त्याच्याशी त्यावर बोलता येतं. कपाटात ठेवलेल्या खोक्यावर कुणाशी काय बोलणार? तिचा संच आहे, तिने ठरवावं. जोडलेला मात्र बॅगेत टाकू नकोस. सुटा करून पिशव्यांत भरायचा, खोकं घडी करून तळाशी. येताना सामान वाढतंच, तेव्हा जाताना अर्धी बॅग रिकामी.

पायात बंद बूट, आणि नवे कोरे नकोत. दिवसभर उभं राहणं आहे. उन्हाळ्यात जाणार असेल तर डोळ्यांवर बांधायला पट्टी ठेव, तिकडे रात्री दहालासुद्धा चांगलाच उजेड असतो.

आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: बिलुंडला रेल्वे नाही. पण विमानतळ आहे, लेगोच्या स्वतःच्या धावपट्टीतून वाढलेला, १९६४ पासून सगळ्यांसाठी खुला. डेन्मार्क म्हटलं की सगळे डोळे मिटून कोपनहेगनचं तिकीट काढतात आणि मग कळतं की ते पार पलीकडच्या एका बेटावर आहे, तिथून वाइले शहरापर्यंत रेल्वे, मग बस, अर्धा दिवस त्यातच जातो. सकाळी उठल्या उठल्या मुक्ताला फोन करतो. तिचा उत्साह बघता तिने आत्ताच काढलं नसलं म्हणजे मिळवली.